सकाळचं पाणी, दुपारचं पाणी

॥ श्री नागेश्वर प्रसन्न ॥

नागाव, चैत्र वद्य ५, शके १८५१

चि. हरेश्वर यास नीराताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल परवा पोचलं. पोचलं ते असं: लाखेचा डबा एक, झाकणाला बारीक चीर, दाबलेल्या चहाच्या चकत्या दोन, पैकी एकीचा कोपरा उंदरानं नाहीतर पोस्टानं खाल्लेला, कागदी छत्री एक, शाबूत, आणि पत्र. तिकिटं तू एक रुपया चौदा आण्यांची लावलीस, अलिबागेहून इथवर आणणावळ दोन आणे मी दिली. अकरा वर्षांनी भावाचं अक्षर दोन रुपयांत घरी आलं, महाग म्हणवत नाही. छत्री मात्र पुन्हा पाठवू नकोस. इथल्या पावसात तिचा लगदा होईल. सध्या ओटीवर टांगली आहे आणि अर्धा गाव ती बघून गेला.

‘घरची सर्व खुशाल’ असं तू लिहितोस. घरची म्हणजे कोण, किती, ते लिहिलेलं नाहीस. मीही विचारत नाही. एवढ्या वर्षांनी लिहिलंस, तेवढं पुरे.

भामो मी माझ्या मॅट्रिकच्या जुन्या नकाशात शोधलं. ब्रह्मदेशात इरावतीच्या रेघेवर एक ठिपका, आणि बोटभर पलीकडे चीन. तुझी हकीकत मी ह्यांना दोनदा वाचून दाखवली. एकाच मुलखातले, एकच बोली बोलणारे दोन चिनी सरदार आपसांत लढतात आणि त्यांची माणसं बायकापोरं, खेचरं घेऊन, तू कारकुनी करतोस त्या सरहद्दीच्या नाक्यावर येतात. हत्यारं तुम्ही तिथेच काढून घेता. तरी तुमच्या बाजारात, चांगल्या इंग्रजी अमलात, दोघांना भोसकलं. तू विचारतोस, ‘ताई, बंदूक पलीकडेच राहिली, मग वैर अलीकडे कसं आलं?’ उत्तरही तूच देतोस, की सरहद्दीची नदी नकाशात आहे, सोयरिकीत नाही. अलीकडच्या मुली पलीकडे दिलेल्या, पलीकडच्या अलीकडे. आणि तुमच्याकडचे धान्यवाले दोन्ही सैन्यांना तांदूळ विकतात, त्यांना लढाई लवकर संपायला नको आहे. हे म्हणाले, “हरेश्वर लिहितो छान.” मी म्हटलं, “तो पूर्वीपासूनच लिहितो.” आणि पत्र घडी करून डब्यात ठेवलं.

तू साहेबांना सुचवून दोन आवारं केलीस, एका सरदाराची माणसं एकात, दुसऱ्याची दुसऱ्यात. आणि नोंदवहीत ‘कोणाच्या बाजूचा’ असा नवा रकाना काढलास. तेव्हापासून शांत आहे म्हणतोस. वाचून मला अभिमान वाटला. वहीची शिस्त तू माझ्याकडूनच उचललीस.

इथेही एक लढाई चालू आहे, हसू नकोस. शिमग्याआधी आमच्या कोळीवाड्यातल्या लोकांचा समुद्रातला एक खुंट मोडला, ज्याला डोल जाळं बांधतात तो. त्या जागेवर हक्क बुधाजीचा की चांगदेवाचा, एवढाच वाद. तेवढ्यावर कोळीवाड्यात दोन तट पडले. होळ्या दोन पेटल्या. विस्तव, मीठ, देणंघेणं बंद. मयताला खांदासुद्धा आपापल्या तटाचा. मधल्यामध्ये सापडली कमळ. चांगदेवाची ही बहीण आणि बुधाजीची सून. तुला आठवेल, तू सुटीत यायचास तेव्हा चिंबोऱ्या घेऊन यायची, आणि एकीनं तुझं बोट पकडलं तेव्हा पोट धरधरून हसली होती, ती पोर. आता तिला सातवा महिना आहे. नवरा मुंबईला गोदीत.

फाल्गुन सरला की त्यांच्या विहिरी मचूळ होतात आणि बायका पाण्याला आमच्या वाडीत येतात. रहाटाचं पाणी पन्हळीतून दगडी दोणीत पडतं, तिथून भरून नेतात. माझ्या आजेसासूबाईंपासूनची चाल. त्याबद्दल पावसाळ्यापूर्वी माडांच्या आळ्यांत खत म्हणून घालायला मासळीची कुटी येते. यंदा दोणीवर रोज भांडण, दोन हंडे फुटले. तुझं पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी मी कागद केला: रहाट सुरू झाल्यापासून नऊपर्यंत बुधाजीच्या तटाच्या बायका, तीनपासून दिवेलागणीपर्यंत चांगदेवाच्या. रहाट हाकणाऱ्या दादूला वाचता येत नाही, म्हणून एकीकडे उगवता सूर्य काढला, दुसरीकडे मावळता. दादू कागद उलटासुलटा करून म्हणाला, “वयनी, दोनी सूर्य सारकंच हायेत.” मग मावळत्याखाली समुद्राची रेघ ओढून दिली.

तुझी युक्ती इथे कशी चालते ते पुढे कळवीन.

तुझी,
नीराताई

---

नागाव, अक्षय्यतृतीया, शके १८५१

चि. हरेश्वर यास अनेक आशीर्वाद.

आज आई-बाबांच्या नावानं पाण्याचा घट दान दिला. तिकडे दानाला भटजी मिळतो का? मिळत नसेल तर एखाद्या तहानेल्याला पाजलंस तरी पोचतं, असं आई म्हणायची.

कागद लागू आहे. दोणीवर भांडण नाही. बोलणंही नाही, बायका येतात, भरतात, जातात. पूर्वी मला आतूनच कळायचं कोणाची गाय व्याली आणि कोणाची सून रुसली. आता नुसता रहाटाचा आवाज.

एक-दोन गोष्टी मी धरल्या नव्हत्या, त्या लिहिते. सुकी मासळी विकणारी म्हातारी सखुबाई कोणत्याच तटाची नव्हती. तिच्यासारखी पाच-सहा घरं तरी होती. दादूनं तिला अडवून विचारलं, “तू कंच्या येलेची?” तशी ती कमरेवर हात ठेवून माझ्या ओटीसमोर उभी राहिली.

“बाय, पोरगी व्हते तवापासनं या दोनीवर येतंय. तुज्या सासूनं कदी इचारला न्हाय मी कुनाची. आन् तुजा कागद इचारतंय? पानी काय सकालचा येगला न् दुपारचा येगला?”

मी म्हटलं, “सखुबाई, तुला सोयीची वेळ धर, कोण काय म्हणतंय?” दुपारी तिला बाजार असतो, म्हणून तिनं सकाळ धरली. दुसऱ्या दिवशी तिच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर कोणीतरी वाळू फेकली. सकाळचं पाणी पिते, म्हणून. आता ती बुधाजीच्या तटात आहे. पूर्वी नव्हती.

दुसरी गोष्ट. शेजारच्या वाडीचे बाळाजी, ज्यांचं आमच्याशी कुंपणाचं जुनं भांडण. त्यांनी आपली विहीर चांगदेवाच्या बायकांना दिवसभर मोकळी केली. बाळाजींना आजवर कोणाच्या तहानेची पर्वा नव्हती. लगेच बुधाजी येऊन ह्यांना म्हणाला, “शेट, बाळाजी तेंचं, मंजी तुमी आमचं.” हे म्हणाले, “आम्ही कोणाचेच नाही.” तो हसला आणि जाताना चार पापलेटं ठेवून गेला. मी ती परत पाठवली, तर त्याला वाटलं आम्ही चांगदेवाचे. नागावाला कोळ्यांच्या खुंटाशी काय कर्तव्य? पण आता आमच्या आळीतही कोण कुणाकडून मासळी घेतं, ते बघितलं जातं. तुझी ती नदी मला रोज आठवते.

कमळ काल भर दुपारी दिसली. रहाट थांबलेला, बैल सावलीला, आणि ही एकटी पोटावर भार घेऊन हातानं पोहरा शेंदत होती. ती वेळ कोणाचीच नाही. मी तिला नीट समजावलं. ती गेली.

तुझ्या दोन आवारांचं कसं चाललं आहे?

तुझी,
नीराताई

---

नागाव, वैशाख वद्य ६, शके १८५१

चि. हरेश्वर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. पावसाळ्यासाठी बोट बंद व्हायच्या आत उत्तर निघावं म्हणून लगेच बसले आहे. अक्षर वाईट येईल, सांभाळून घे.

आधी तुझं. खेचरवाल्याची ती विधवा, तिचा नवरा एका सरदाराचं ओझं वाहताना मेला आणि भाऊ दुसऱ्याच्या सैन्यात आहे. ‘तू कोणाच्या बाजूची’ असं विचारल्यावर ‘खेचराच्या’ म्हणाली, असं तू लिहिलंस. ते वाचून मी हसले, मग पुढचं वाचलं. तिचा रकाना मोकळा राहिला म्हणून दोन्ही आवारांनी तिला घेतलं नाही. ती फाटकाबाहेर बसून असते, आणि रकाना मोकळा असलेल्यांना जूनअखेर नदीपार परत पाठवायचं असा हुकूम निघाला आहे. ‘ताई, हुकूम साहेबांचा, पण रकाना माझा. मी काय करू?’ असं तू विचारतोस.

उत्तर द्यायचा अधिकार मला आहे की नाही ते तू ठरव. त्याआधी मागच्या पत्रातली एक ओळ दुरुस्त करते. ‘मी तिला नीट समजावलं’ असं कमळबद्दल लिहिलं होतं. ते खरं नव्हे.

ती दुपारी का आली ते मी विचारलंच नाही. सकाळी गेली तर सासरच्या बायका म्हणायच्या, “जा भावाकडं.” तिसऱ्या प्रहरी गेली तर माहेरच्या म्हणायच्या, “बुधाजीची सून, सकालची ये.” म्हणून ती मधल्या वेळी येत होती. हे मला दादूनं मागून सांगितलं. मला त्या वेळी एवढंच दिसलं, की माझ्या कागदाबाहेर कोणीतरी पाणी भरतंय. मी ओटीवरून ओरडले, “कमळ, तुझी वेळ कोणती ते आधी ठरव, मग ये!” तिनं भरलेला हंडा जागीच ठेवला आणि रिकामी गेली. तो हंडा संध्याकाळपर्यंत तिथेच होता. मी तो पाहत होते, तरी पोचता केला नाही. दुसऱ्या दिवशी अक्षय्यतृतीया. मी भटजींना घट दिला आणि तुला दानधर्माचं पत्र लिहिलं.

त्यानंतर कमळ आमच्याकडे आली नाही. खाडीकाठच्या खड्ड्यातलं पाणी पीत राहिली. गेल्या गुरुवारी दादू धावत आला. “वयनी, कमल खल्याव परलीय, अंगान् ताप हाय, कुनी हात लावीत न्हाय.” सासरचे म्हणत होते, तिचा भाऊ बघेल, माहेरचे म्हणत होते, सासरे बघतील. मासळी सुकवायच्या त्या खळ्यावर ती पडली होती आणि दोन्हीकडच्या बायका दोन्हीकडे उभ्या होत्या. मी गाडी जोडायला लावली. लग्न होऊन वीस वर्षं झाली, कोळीवाड्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. गाडीत तिनं डोळे उघडून मला विचारलं, “बाय, मी कंच्या येलेला आलंय?” ग्लानीत होती. मला वाटलं धरणी दुभंगावी.

तिला माजघराशेजारच्या खोलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बाळंत झाली, महिना आधी. मुलगी आहे. हातभरही नाही, पण रडते मोठ्यानं. सुईण म्हणाली, “रडतंय तवर भ्याव न्हाय.” कमळचा ताप उतरतो आहे.

मग जे व्हायचं ते झालं. शनिवारी भर दुपारी बुधाजी आणि चांगदेव दोघंही आपापली माणसं घेऊन एकाच वेळी अंगणात. तीन महिन्यांत ते एका जागी आले नव्हते, ते माझ्या अंगणात आले. बुधाजी म्हणाला, “सून आमची, पोर आमची, हवाली करा.” चांगदेव म्हणाला, “पयला बालंतपन म्हायेराला. आमी नेनार.” कोणी हातात वल्ही आणली होती. कुंपणापलीकडे बाळाजी उभे, त्यांना तर सणच. हे आतून बाहेर आले, पण मी आधीच ओटीवर होते. आणि दोघांनी, एका आवाजात म्हण हवं तर, मला विचारलं:

“वयनी, तुमी कंच्या तटाच्या?”

हरेश्वर, ही जागा ओलांडून मला पुढे लिहिता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी तू ह्याच ओटीवर उभा होतास. अशीच भर दुपार. खांद्यावर वळकटी, पायात एकच वहाण. दादाशी वाटण्यांवरून हातघाईवर आलं होतं आणि तू घरातून निघून थेट माझ्याकडे आला होतास. दादाचे नारळ तेव्हा आमच्या गाडीतून जात, आणि सासरी बोलणं होतं की ह्या भावाभावांच्या भांडणात आपण पडायचं नाही. मी तुला आत ये म्हटलं नाही. तांब्या भरून दिला आणि विचारलं, “दादाला सांगून आलास का?” तू पाणी प्यायलास, रिकामा तांब्या कट्ट्यावर उपडा ठेवलास आणि रेवसच्या बोटीच्या वाटेला लागलास. मला वाटलं होतं, भांडण दाराबाहेर ठेवलं की घर वाचलं. घर नाही वाचलं. दादा म्हणाला, तू त्याला पाणी दिलंस. त्या वर्षापासून माझी भाऊबीज दोन्हीकडची बंद आहे. हे मी आजवर कोणाला लिहिलं नव्हतं.

मी त्या दोघांना म्हटलं, “उन्हातून आलात, आधी पाणी घ्या.” दादूनं दोणीतली घागर आणली, मी गुळाचे खडे ठेवले. कोणी हात लावेना. पहिल्यानं प्यायलो तर नमलो, असं दोन्हीकडचं झालं. वीस-पंचवीस दांडगी माणसं घाम गाळत एका घागरीकडे बघत उभी. तेवढ्यात सखुबाई माणसं बाजूला सारत आली, ओंजळ भरून घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “अरे मेल्यांनो, पानी हाय त्ये. त्यात काय बुधाजी पवतंय का चांगदेव?”

हसलं कोणी नाही, असं सगळे सांगतात. मी पाहिलं, चांगदेव हसला होता. बुधाजीनं पाणी घेतलं. मग सगळ्यांनी घेतलं. मी म्हटलं, “सव्वा महिना बाळंतीण इथून हलणार नाही. पुढे कुठे जायचं ते कमळ सांगेल, मी नाही आणि तुम्हीही नाही. आणि मला कोणत्या तटाची म्हणून विचाराल तर ते ठरवायचं काम माझ्याकडे नाही.” बुधाजी पुढच्या फाटकानं गेला, म्हणून चांगदेव मागच्या बेड्याच्या फाटकानं, शिंपण्याचा चिखल तुडवत गेला. म्हणजे समेट झाला असं समजू नकोस.

वेळांचा कागद मी चुलीत घातला. दादूला सांगितलं, रहाट दिवसभर चालू, कोणी का येईना. पहिल्या दिवशी दोघीच आल्या. काल सात. कालच्या सातांत पुन्हा एक हंडा फुटला आणि आईमाई उद्धरून झाली. ऐकून बरं वाटलं, निदान बोलतात तरी. रविवारी कोणीतरी रहाटाची माळ कापली, अर्धे लोटे तळाला गेले. यंदा कुटीही येणार नाही, माड तसेच राहतील. ह्यांनी नवी माळ वळायला घेतली तेव्हा वर न बघता एवढंच म्हणाले, “हरेश्वराच्या वेळी मीही गप्प बसलो होतो.” मी सुंभ धरून बसले.

आता तुझं उत्तर. वैर नदी ओलांडून येतं ते सोयऱ्यांबरोबर येतं, धान्यवाल्याबरोबर येतं, बाळाजींसारख्याच्या जुन्या कुंपणातून येतं, हे तू लिहिलंस ते बरोबरच. त्यातलं काही आपल्याला अडवता येत नाही. पण तुझ्या भामोत ज्यांना बाजू नव्हती त्यांना ती तुझ्या रकान्यानं दिली, आणि इथे माझ्या कागदानं. आपण दोघांनी शांततेसाठीच केलं. मला वाटतं, आपल्याला भांडणाची भीती होती, आणि भीती वाटली की आपण दोघंही वही काढतो. माणसाला नाव विचार, गाव विचार, लेकरं किती ते विचार, जेवलास का विचार. ‘कोणाचा’ हे तू विचारू नकोस. साहेबांना रकाना हवाच असेल तर त्यांच्या हातानं भरू देत. ती बाई फाटकाबाहेर आहे, तुझ्या घराला ओटी असेलच. मी ओटीवरून एकाला जाऊ दिलं, त्याचं काय होतं ते मला माहीत आहे.

आज मुलीची सहावी. सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि दौत ठेवायची असते. माझ्या काटकसरीच्या सवयीनं मी आधी जुन्या बिलाची पाठ घेतली होती. ती परत ठेवली आणि नवा ताव काढला. त्यावर मी काही रेघ ओढलेली नाही.

बारसं पुढच्या मंगळवारी. नाव कानात सांगायला आत्या लागते, आणि बुधाजीची मुलगी येणार नाही असा निरोप आला. कमळ म्हणाली, “बाय, तुमीच व्हा.” मी हो म्हटलं. मग दिवसभर तेच डोक्यात. कोळ्यांच्या मुलीची आत्या मी होणार, आणि भामोत माझी किती भाचरं आहेत, ती कोण, हेही मला ठाऊक नाही. त्यांच्या कानात नाव कोणी सांगितलं? दादाकडेही आज चिठ्ठी पाठवते आहे, की हरेश्वराचं पत्र आलं आहे आणि मी त्याला उत्तर दिलं आहे. तो काय समजेल ते समजो.

चहाची चकती फोडून कमळला काढा दिला. कडू आहे, पण ती प्यायली. डब्याची चीर मी लाखेनं बुजवली.

त्या बाईचं पुढे काय केलंस आणि माझ्या भाचरांची नावं काय, दोन्ही उलट टपाली कळव. बोट बंद झाली तरी धरमतरवरून टपाल येतं, दोन दिवस उशिरा. मी पोस्टात सांगून ठेवलं आहे.

तुझी,
नीराताई